पीएचपीची व्हर्जन बदलली की साइटचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सांभाळतो त्या बहुतेक साइट पीएचपीवर, म्हणजे सर्व्हरवर पानं तयार करणाऱ्या भाषेवर चालतात. त्यात तयार साइट-सॉफ्टवेअर वर्डप्रेस आहे, कोड लिहायला तयार सांगाडा देणारं लाराव्हेल आहे, तसंच थोडं कोडइग्नाइटर आहे आणि दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने लिहिलेला कोडही आहे. होस्टिंगकडून ‘तुमची पीएचपी व्हर्जन बंद होणार आहे’ असा मेल गेला की आमचे फोन वाजू लागतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

साइट व्यवस्थित चालू आहे. मग हात कशाला लावायचा?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्तही आहे. तुमचा कोड बदललेला नसतो, पण तो ज्याच्यावर चालतो ते बदलत राहतं. एखाद्या व्हर्जनची मुदत संपली की तिच्यात सापडलेली भोकं पीएचपीची टीम बुजवत नाही. जून २०२४ मध्ये विंडोज सर्व्हरवर सीजीआय या पीएचपी चालवायच्या जुन्या पद्धतीने चालणाऱ्या पीएचपीत एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. तिच्यातून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येत होती. दुरुस्ती ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ या व्हर्जनमध्ये आली. ८.० आणि ७.४ वाल्यांना काहीच मिळालं नाही, कारण त्यांची मुदत आधीच संपली होती. तुमच्या साइट लिनक्स होस्टिंगवर आहेत, त्यामुळे त्या वेळी त्यांना धोका नव्हता. पण ऑफिसातल्या विंडोज पीसीवर झॅम्प (पीसीलाच पीएचपीचा सर्व्हर बनवणारं पॅकेज) टाकून त्यावर स्टॉकचं सॉफ्टवेअर चालवणारे आणि घरून बघता यावं म्हणून ते इंटरनेटला उघडं ठेवणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत.

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. पेमेंट गेटवे, एसएमएस, जीएसटी बिलिंग या सगळ्यांच्या लायब्ररी (साइटला जोडायचा तयार कोड) हळूहळू जुन्या पीएचपीला सोडून देतात. मग एके दिवशी गेटवेवाला ‘नवीन लायब्ररी टाका’ म्हणतो, ती लायब्ररी तुमच्या व्हर्जनवर चालत नाही, आणि ज्या कामाला सवडीने आठवडा मिळाला असता ते एका दुपारीत उरकावं लागतं.

एक व्हर्जन किती दिवस चालते?

दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास नवीन व्हर्जन येते. पहिली दोन वर्षं तिच्यातल्या सगळ्या चुका दुरुस्त होतात आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या. आधी हा दुसरा टप्पा एकाच वर्षाचा होता, तो वाढवला आणि शेवटची तारीख सरसकट ३१ डिसेंबर केली. आमच्यासारख्यांना त्यामुळे कॅलेंडर लावणं सोपं झालं. ७.४ ची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली आणि ८.० ची २६ नोव्हेंबर २०२३ ला. ८.१ चा शेवट ३१ डिसेंबर २०२५ हा होता. ८.२ ला २०२६ अखेरपर्यंत, ८.३ ला २०२७, ८.४ ला २०२८ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ८.५ ला २०२९ अखेरपर्यंत मुदत आहे.

हे लोक सारखं बदलतात तरी कशाला?

पीएचपी १९९५ मध्ये आली तेव्हा ती एका माणसाच्या वैयक्तिक पानासाठीची साधनं होती. त्या काळात सोयीच्या वाटलेल्या अनेक गोष्टी पुढे घातक ठरल्या. उदाहरणार्थ, पत्त्याच्या पट्टीत लिहिलेली कोणतीही गोष्ट आपोआप व्हेरिएबल व्हायची. ती सोय ५.४ मध्ये काढली. डेटाबेसशी बोलायची जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शनं डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मध्ये काढून टाकली, कारण त्या पद्धतीने लिहिलेल्या कोडमध्ये एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसला भलते हुकूम घुसवण्याला, दार उघडं राहणं फार सोपं होतं. २०१० च्या आधी शिकलेल्या डेव्हलपरचा कोड ७.० वर नेताना जो थांबतो, तो बहुतेकदा इथेच थांबतो.

काढण्याआधी ‘डेप्रिकेटेड’ म्हणून इशारा दिला जातो, आणि प्रत्यक्ष काढणं सहसा पुढच्या मोठ्या व्हर्जनमध्ये होतं. म्हणजे ८.२, ८.३ मध्ये जे इशारे दिसतात ती पुढच्या मोठ्या व्हर्जनच्या कामाची यादीच असते. (५ नंतर थेट ७ कशी आली, असं विचारणारेही भेटतात. सहा नंबरवर युनिकोडचं मोठं काम सुरू झालं होतं, ते २०१० मध्ये सोडून दिलं. तोवर त्या नंबरवर पुस्तकं छापून झाली होती, म्हणून गोंधळ नको म्हणून नंबरच वगळला.)

अपग्रेड केल्यावर नेमकं काय बिघडतं?

पूर्ण पांढरं पान दिसलं तर आम्हाला उलट बरं वाटतं. लॉग (सर्व्हरवरची चुकांची नोंदवही) उघडला की फाइलचं नाव आणि ओळ नंबर मिळतो. खरा त्रास अर्धवट बिघडणाऱ्या गोष्टींचा असतो.

मंगल कार्यालयाच्या बुकिंगची साइट घ्या. तारीख निवडली की त्या दिवसाची बुकिंग डेटाबेसमधून काढून एका यादीत भरायची आणि मग ‘काउंट’ने मोजायची, असा कोड असतो. बुकिंग असेल तर यादी तयार होते आणि सगळं ठीक चालतं. बुकिंग नसेल तर लूप एकदाही फिरत नाही, यादी जन्मालाच येत नाही, आणि ‘काउंट’च्या हातात काहीच पडत नाही. जुन्या पीएचपीत याचं उत्तर गुपचूप शून्य यायचं. ७.२ पासून त्यावर इशारा येऊ लागला आणि ८.० पासून पान तिथेच थांबतं. म्हणजे ज्या तारखा आधीच भरल्या आहेत त्या व्यवस्थित दिसतात आणि रिकाम्या तारखांवर साइट कोसळते. मालक स्वतः तपासतो तेव्हा तो नेमक्या आपल्या ठरलेल्या कार्यक्रमांच्याच तारखा बघतो आणि ‘सगळं चालतंय’ म्हणून सांगतो.

दुसरा नमुना याहून वाईट, कारण त्यात एररही येत नाही. सभासदांच्या यादीवर ‘तालुका निवडा’ असा ड्रॉपडाउन आहे. त्यात पहिला पर्याय ‘सर्व’. कोडमध्ये लिहिलंय की तालुका शून्य असेल तर सगळी यादी दाखव. फॉर्ममधून मात्र शून्य येत नाही, ‘सर्व’ हा शब्द येतो. पीएचपी ७ पर्यंत कोणताही शब्द आकड्याशी ताडून पाहिला की तो शून्य धरला जायचा, त्यामुळे चुकीचा कोड बरोबर चालत होता. ८.० पासून हा नियम बदलला. आता ‘सर्व’ म्हणजे शून्य नाही, आणि यादी रिकामी येते. लॉगमध्ये काहीच नोंद नसते. हे मशीनला सापडत नाही. स्क्रीनसमोर बसून प्रत्येक फिल्टर दाबून बघावा लागतो, आणि आमचे निम्मे तास यातच जातात.

बाकी बदल यांत्रिक आहेत. ‘ईच’ आणि ‘क्रिएट फंक्शन’ ८.० मध्ये गेली. ‘इम्प्लोड’ला उलट क्रमाने माहिती दिलेली चालायची, ती बंद झाली. क्लासमध्ये आधी न सांगितलेली प्रॉपर्टी ऐनवेळी जोडली तर ८.२ पासून इशारा येतो. कोडइग्नाइटर ३ मध्ये हे पावलोपावली आहे, त्यामुळे तिथे इशाऱ्यांचा पाऊस पडतो. क्लासवर एक ओळ टाकून तो थांबवता येतो, आणि तात्पुरतं आम्ही तेच करतो.

मराठी मजकुराला काही होतं का?

व्हर्जनच्या आकड्यामुळे थेट काही होत नाही, पण त्या निमित्ताने जुनं दुखणं वर येतं. अनेक जुन्या साइटमध्ये डेटाबेसचं कनेक्शन लॅटिन-१ या फक्त रोमन लिपीसाठीच्या अक्षरसंचात राहिलेलं असतं आणि मराठी मजकूर त्यातूनच आत-बाहेर होत असतो. दोन्ही वेळा एकच चूक होत असल्यामुळे पडद्यावर सगळं बरोबर दिसतं. कोड नव्या पद्धतीवर नेला, कनेक्शन सगळ्या लिप्या चालणारं युटीएफ-८ केलं, की ‘महाराष्ट्र’च्या जागी टिंबं-रेघा असलेल्या रोमन अक्षरांची माळ दिसू लागते. मजकूर गेलेला नसतो. तो नीट रूपांतरित करता येतो, पण आधी बॅकअप हवा, आणि त्या अवस्थेत कुणी ॲडमिनमध्ये जाऊन एखादी बातमी ‘दुरुस्त’ करून सेव्ह करू नये. तसं झालं की काही नोंदी जुन्या पद्धतीच्या आणि काही नव्या, अशी खिचडी होते. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर मात्र काळजीचं आहे, कारण मूळ अक्षरं तिथे उरलेलीच नसू शकतात.

तारखांचंही एक आहे. मराठी महिन्यांची नावं दाखवायला पूर्वी ‘एसटीआरएफटाइम’ हे फंक्शन वापरायचे. त्याला ८.१ पासून निरोपाची नोटीस आहे. त्याऐवजी इंटल या पीएचपीच्या भाषांसाठीच्या जोडणीतलं साधन वापरावं लागतं, आणि त्याला भाषा (लोकेल) मराठी दिली की ते आकडेही देवनागरीत देतं. वाचायला छानच. पण तीच तारीख पुढे हिशोबाला किंवा क्रम लावायला वापरली असेल तर तो कोड अडखळतो.

पानावर वर ‘डेप्रिकेटेड’ अशा ओळी दिसतात. साइट हॅक झाली का?

नाही. तो इशारा आहे. लाइव्ह साइटवर तो पाहुण्यांना दिसता कामा नये, म्हणून डिस्प्ले एरर बंद करून सगळं लॉगमध्ये वळवायचं. मोबाइल ॲप असेल तर घाई करा. ॲपला सर्व्हरकडून जेसन या ठरलेल्या साच्यातली माहिती हवी असते, तिच्या आधी इशाऱ्याची एक ओळ छापली गेली की ॲपला काहीच वाचता येत नाही. वेबसाइट ठीक आणि ॲप बंद, असं झालं की आधी हेच तपासा.

माझ्या साइटला कोणती व्हर्जन आहे, कसं कळेल?

वर्डप्रेसमध्ये टूल्स, मग साइट हेल्थ, मग इन्फो आणि त्यात सर्व्हर. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, मल्टीपीएचपी मॅनेजर. यूट्यूबवर बघून ‘पीएचपी इन्फो’ची फाइल सर्व्हरवर टाकली असेल तर ती काढा. तिच्यात तुमच्या सर्व्हरची पूर्ण कुंडली जगाला दिसते.

होस्टिंगचा मेल आलाय. खरा आहे की फसवा?

दोन्ही प्रकार येतात. मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. होस्टिंगचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. नोटीस खरी असेल तर बहुधा तिथेही दिसेल. मग मेल आम्हाला फॉरवर्ड करा. एवढंच सांगतो की तो तसाच पडू देऊ नका. बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या तारखेला व्हर्जन आपोआप बदलली जाते, आणि ती तारीख तुमच्या सीझनकडे बघून ठरवलेली नसते. काही होस्टिंग पैसे घेऊन जुन्या व्हर्जनला सुरक्षेची डागडुजी देतात. क्लाउडलिनक्स या होस्टिंगसाठीच्या लिनक्सवर तशी सोय आहे. सहा महिने ढकलायला ती चांगली. त्यावर वर्षानुवर्षं राहू नये.

सीपॅनेलमध्ये ड्रॉपडाउन आहे. मीच बदलू का?

बदलता येतं, आणि दोन मिनिटांत परतही आणता येतं. पण बदलण्याआधी फोन करा. तिथे न दिसणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे क्रॉन, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं. रात्री आपोआप जाणारे एसएमएस, रोजचं व्याज, बॅकअप ही कामं ब्राउझरमधून होत नाहीत, आणि त्यांना अनेकदा सर्व्हरची स्वतःची पीएचपी लागू होते. ड्रॉपडाउनमधली तिथे चालतेच असं नाही. साइट ८.३ वर आणि क्रॉन ७.४ वर अशी साइट आम्हाला नियमित सापडते. कोड नव्या पद्धतीने लिहिला की पानं चालतात, पण रात्रीची कामं मुकाट्याने बंद पडतात. पतसंस्थेच्या बाबतीत हे महिनाअखेरीला लक्षात येतं. दुसरी गोष्ट एचटीॲक्सेस फाइल, म्हणजे साइटच्या फोल्डरमधली सर्व्हरसाठीच्या सूचनांची फाइल. जुन्या होस्टिंगवरून साइट उचलून आणली असेल तर तिच्यात जुन्या व्हर्जनचं नाव लिहिलेली ओळ राहून जाते आणि वर काहीही निवडलं तरी तीच वरचढ ठरते.

वर्डप्रेस तर आपोआप अपडेट होतं. मग त्यात वेगळं काय करायचं?

वर्डप्रेस स्वतः सहसा त्रास देत नाही. जुन्या पीएचपीला ते फार काळ सांभाळून घेतं. ६.६ ला किमान ७.२.२४ लागते, आणि शिफारस ८.३ किंवा पुढची आहे. सर्व्हर त्याखाली असेल तर नवीन वर्डप्रेस तुम्हाला मिळतच नाही आणि साइट जुन्यावर अडकून राहते. ‘अपडेट ऑन आहे, म्हणजे सगळं ताजं आहे’ हा समज तिथे खोटा ठरतो.

गोची थीम आणि प्लगिनमध्ये असते. विकत घेतलेली थीम, तिच्यासोबत आलेला स्लायडर आणि पेज बिल्डर, आणि परचेस कोड आधीच्या डेव्हलपरच्या नावावर. म्हणजे थीमच्या कंपनीने पीएचपी ८ साठी दुरुस्ती केव्हाच काढली आहे, पण तुमच्यापर्यंत ती पोहोचत नाही. अशा वेळी नवीन लायसन्स घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग असतो, कुणाच्या मागे लागण्यापेक्षा नक्कीच. ज्या प्लगिनला दोन वर्षांत एकही अपडेट नाही, त्याला आम्ही पर्याय शोधतो.

आणखी एक. वर्डप्रेस ५.२ पासून साइट कोसळली की ॲडमिनच्या ईमेलवर दुरुस्तीची खास लिंक जाते. ॲडमिन ईमेल कुणाचा आहे ते आजच तपासा. बहुतेक वेळा तो साइट करून देणाऱ्याचा असतो आणि तो माणूस केव्हाच बंगळुरूला नोकरीला गेलेला असतो.

आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याने केलंय. तुम्ही अपग्रेड कराल का?

कोड बघून सांगतो. पाहताच नाही म्हणावं लागतं तो प्रकार आयनक्यूब या कोड लपवणाऱ्या साधनाने कुलूपबंद केलेल्या फाइलींचा. त्या उघडून वाचता येत नाहीत, आणि ज्या पीएचपीसाठी बांधल्या असतील त्याच्याच आसपास त्या चालतात. आयनक्यूबने तर ८.० साठी लोडर (त्या फाइली चालवणारा तुकडा) काढलाच नाही, थेट ८.१ ला काढला. बनवणाऱ्याकडे मूळ कोड असेल तर तो नव्याने बांधून देऊ शकतो. तो फोन उचलत नसेल तर आमच्या हातात डेटा बाहेर काढून नवीन सॉफ्टवेअरमध्ये घालणं एवढंच राहतं. म्हणून नवीन काम कुणालाही द्या, आम्हाला दिलंत तरीही, करारात मूळ कोड मिळेल हे लिहून घ्या. होस्टिंग आणि डोमेन तुमच्या नावावर ठेवा.

मग थेट सगळ्यात नवीन व्हर्जनवर का जात नाही?

आम्ही मुद्दाम एक व्हर्जन मागे राहतो. ८.५ आली तेव्हा नवीन कामं ८.४ वर सुरू केली. नवीन व्हर्जन आली की प्लगिनवाले, होस्टिंगवाले, लायब्ररीवाले यांना तिच्याशी जुळवून घ्यायला काही महिने लागतात, आणि त्या महिन्यांत तुमची साइट प्रयोगशाळा व्हावी असं आम्हाला वाटत नाही. चार वर्षांची मुदत असताना पहिल्या महिन्यात उडी मारून मिळतं काय? उलट मुदत संपायच्या शेवटच्या तिमाहीत कोणतीही साइट राहू नये, हाही नियम आम्ही तितक्याच काटेकोरपणे पाळतो.

तुम्ही तपासता कसं?

साइटची हुबेहूब प्रत वेगळ्या पत्त्यावर उभी करतो, तिथले ईमेल आणि एसएमएस बंद करून. हे विसरून चालत नाही, नाहीतर चाचणीतल्या ऑर्डरचे मेसेज खऱ्या गिऱ्हाइकांना जातात. मग पीएचपी कंपॅटिबिलिटी नावाचं साधन सगळ्या कोडवरून फिरवतो. काढलेली फंक्शनं ते दाखवतं. पीएचपीस्टॅन हे कोड न चालवता चुका शोधणारं साधन त्याहून खोलात जातं. यांत्रिक दुरुस्त्या रेक्टर हे कोड आपोआप बदलणारं साधन करून देतं, पण त्याने केलेला प्रत्येक बदल आम्ही वाचतो. त्यानंतर माणूस बसतो. फॉर्म, पेमेंट, पावतीची पीडीएफ, एक्सेल डाउनलोड, पासवर्ड विसरल्याचा मेल आणि क्रॉन असं सगळं हाताने चालवून बघतो.

इथे तुमची मदत लागते. वर्षातून एकदाच वापरला जाणारा रिपोर्ट आम्हाला माहीत नसतो. ऑडिटच्या वेळी काढायची यादी, प्रवेशाचा मेरिट लिस्टचा तक्ता असं काही असेल तर आधी सांगा.

बिघडलं तर मागे येता येतं का?

येतं, क्रम पाळला तर. आधी कोड असा करायचा की तो जुन्या आणि नव्या दोन्ही व्हर्जनवर चालेल. तो लाइव्ह करून काही दिवस जुन्या पीएचपीवरच ठेवायचा, आणि नंतर फक्त पीएचपी बदलायची. गडबड झाली तर एक ड्रॉपडाउन उलटा फिरवला की काम झालं. कोड, प्लगिन, डेटाबेस आणि पीएचपी एकाच रात्री बदलणाऱ्यांना परतीची वाट राहत नाही. दोष नेमका कशाचा हेही कळत नाही.

साइट फास्ट होईल का?

५.६ वरून येत असाल तर फरक डोळ्यांना दिसेल, कारण ७.० मध्ये इंजिनच बदललं. ७.४ वरून ८.३ वर आलात तर थोडासा. आणि होमपेजवर मोबाइलमधून थेट चढवलेले मोठमोठे फोटो असतील तर कोणतीच पीएचपी तुम्हाला वाचवू शकत नाही.

गूगलमधलं रँकिंग जाईल का?

पत्ते आणि मजकूर तेच राहतात, त्यामुळे नाही. दोन-तीन दिवस एरर पानं दिसत राहिली तर जाऊ शकतं.

हे एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) येतं का?

आम्ही बनवलेल्या साइटसाठी, हो. ८.२ वरून ८.३ सारख्या उडीला वेगळे पैसे नाहीत. ५.६ किंवा ७ वरच्या, दुसऱ्याने लिहिलेल्या कोडसाठी आधी तपासणी करून आकडा सांगतो. कोड न पाहता ‘दोन हजारात करून देतो’ म्हणणारे फक्त ड्रॉपडाउन बदलतात आणि एरर लपवतात. ‘काउंट’वाली रिकामी तारीख तशीच राहते.

आमची साइट पीएचपीवर नाही, नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर) आहे. आम्हाला हा ताप नाही ना?

आहे, आणि नोडवर थोडा जास्तच. नोड १८ ची मुदत ३० एप्रिल २०२५ ला संपली, म्हणजे आल्यापासून तीन वर्षांत. वर एनपीएमच्या पॅकेजांची, म्हणजे नोडच्या तयार कोडच्या तुकड्यांची, रांग. पायथन त्या मानाने शांत आहे. दर ऑक्टोबरला नवीन व्हर्जन येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं मिळतात. लाराव्हेलमध्ये दोन घड्याळं सांभाळावी लागतात, एक पीएचपीचं आणि एक लाराव्हेलचं स्वतःचं. लाराव्हेल १० ला किमान ८.१ आणि ११ व १२ ला ८.२ लागते, आणि प्रत्येक व्हर्जनला सुरक्षेच्या दुरुस्त्या दोनच वर्षं मिळतात.

कधी करायचं ते कोण ठरवतं?

तुम्ही. मिठाई, कपडे, दिवाळी अंक विकणाऱ्यांना गणपतीपासून दिवाळीपर्यंत हात लावत नाही. पतसंस्थांना मार्चमध्ये नाही, शाळा-कॉलेजांना मे-जूनमध्ये नाही, कोकणातल्या होमस्टेंना डिसेंबरच्या सुट्ट्यांत नाही. बहुतेकांना जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै-ऑगस्ट सोयीचा पडतो. प्रत्यक्ष बदल मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेदहाला करतो. रात्री किंवा शनिवारी करावं असं अनेक जण सुचवतात, म्हणजे कुणाला कळणार नाही. पण बिघडलं तर तेव्हा होस्टिंगचा जाणता माणूस फोनवर मिळत नाही, आणि तुमच्या काउंटरवरचा जो मुलगा सॉफ्टवेअर रोज वापरतो तोही नसतो. त्या सकाळी तो जागेवर असेल असं बघा, आणि पहिली पावती त्यालाच काढायला सांगा.